शंभर हातांची परीक्षा

साबणाच्या कारखान्यातले उलटे मास्तर त्या सकाळी आठ वाजल्यापासून आपल्या बाकाशी उभे होते आणि हातात काम नसताना काम असल्याचं सोंग करत होते. तीस वर्षं त्यांनी पितळेत ठसे कोरले होते. वडीवर चित्र सुलट उमटायचं तर पितळेत ते उलटं कोरावं लागतं, म्हणून अख्खा कारखाना त्यांना उलटे मास्तर म्हणायचा. आज त्यांच्या दोन नव्या ठशांची परीक्षा होती. ठशांची त्यांना फिकीर नव्हती, असल्या परीक्षा त्यांनी पन्नास पाहिल्या होत्या. फिकीर एवढीच होती की त्यातल्या एका ठशावरचं चित्र त्यांच्या लेकीचं होतं, आणि त्या चित्रात त्यांनी तिला न विचारता एक दुरुस्ती केली होती.

झालं होतं असं. कारखान्याच्या मालकीणबाईंनी कंपनीचा लोगो बदलायचं ठरवलं. वीस-बावीस चित्रं आली, त्यांतली दोन उरली. एक होतं एका बड्या स्टुडिओचं: गोलात कंपनीचं आद्याक्षर, त्यामागून निघणारे सात बारीक किरण, आणि सोबत त्या सात किरणांचा अर्थ सांगणारी चाळीस पानी पुस्तिका. दुसरं लेकीचं. तिने अर्धाच कागद पाठवला होता. समोरासमोर दोन ओले तळहात, आणि त्यांच्यामधून निसटणारा मासा. मासा काढलेला नव्हताच. दोन हातांमध्ये जी जागा सुटली होती तिचाच मासा झाला होता. ओला साबण हातातून कसा सुळकन पळतो ते ज्याला ठाऊक आहे, तो ते चित्र बघून हसणारच. मास्तरही हसले होते. पोरीला डोकं आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं, आणि ते डोकं आपल्याकडूनच आलं असणार असंही.

मग त्यांनी खालचे आकडे वाचले. हातांच्या रेषा साबणात एक मिलिमीटर खोल, आणि मासा चार. चार! मास्तरांनी कपाळावर हात मारला. एवढ्या खोल, एवढ्या अरुंद आकारात साबण ठशाला चिकटून बसतो आणि वडी उचलताना मासा फाटून येतो. नवशिक्याची चूक, दुसरं काय. बाईंना दाखवावं तर पोरीचं हसं होणार. पोरीला सांगावं तर ती आठ दिवस बोलणार नाही. त्यांनी सगळीकडे सरसकट दीड मिलिमीटर कोरून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तसंही आजवर आलेली निम्मी चित्रं त्यांनी अशीच गुपचूप सुधारली होती, आणि कौतुक चित्रकारांनी घेतलं होतं. त्याबद्दल मास्तरांनी कधी तक्रार केली नाही, फक्त प्रत्येक वेळी मनात मोजून ठेवलं.

लेकीचं हे पहिलंच स्वतंत्र काम. मिळालं तर ती स्वतःची पाटी लावणार होती. नाही मिळालं तर सोमवारपासून पुन्हा औषधांच्या खोक्यांवर 'थंड जागी ठेवा' जुळवत बसायचं, असं तिने घरी साफ सांगितलं होतं.

दहा वाजता बाई खाली आल्या. हात धुवायच्या लांब मोरीवर दोन नळांपाशी दोन ताज्या वड्या ठेवल्या होत्या. बाईंचा नियम जुना होता. कारखान्यात पन्नास माणसं, म्हणजे शंभर हात. कुठल्याही नव्या ठशाची वडी या शंभर हातांतून जायची, तीही कामाच्या मळक्या हातांतून, कोमट पाण्यात, ब्रशने घासून. चित्र ज्याचं असेल त्याने वडीला हात लावायचा नाही, लांब उभं राहून बघायचं.

"कागदावर कुठलंही चित्र गोंडस दिसतं," बाई म्हणाल्या. "आपलं चिन्ह ओल्या हातात जगलं पाहिजे. बारा वाजता छापखान्याला वेष्टनांसाठी निरोप द्यायचाय. चला."

लेक भिंतीपाशी उभी होती. कारखान्यात ती मास्तरांना ओळखत नसल्यासारखी वागायची. घरी 'बाबा, तू', इथे 'मास्तर, तुम्ही'. बाईंनी तिला विचारलं, "तुला काही सांगायचंय का? त्या लोकांनी चाळीस पानं पाठवलीत."

"नाही," ती म्हणाली. "विनोद समजावून सांगावा लागला तर मग काय मजा? शंभर हात होऊ देत. दिसेल."

रांग सुरू झाली. सगळ्यात पुढे प्रेसवरच्या मावशी, ज्यांच्या जिभेला कारखान्यात कुणी लगाम घालू शकलं नव्हतं. त्यांनी दोन्ही वड्यांनी कोपरापर्यंत हात घासले आणि त्या मागच्याच्या हातात दिल्या. बारा माणसं होईपर्यंत स्टुडिओचे किरण सातांचे तीन झाले. अठराव्याला एकही उरला नाही. "सूर्य मावळला हो!" मावशींनी जाहीर केलं. लेकीचे तळहात मात्र टिकून होते. मास्तरांची छाती जरा फुगली. दीड मिलिमीटर म्हणजे दीड मिलिमीटर.

तिसाव्या माणसानंतर तळहातही पुसट व्हायला लागले. मास्तरांनी लेकीकडे चोरून पाहिलं. ती घाबरली असेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसत होती. तिचं चित्र डोळ्यांदेखत विरघळत होतं, आणि ती टाचा उंचावून, ओठ दाबून, खुशीत बघत होती. मास्तरांना ते हसू काही केल्या कळेना.

"आता बघा," ती कुणाला तरी हळूच म्हणाली.

चाळीस झाले. तळहात गेले. आणि त्यांच्याबरोबर मासाही गेला. मास्तरांनी लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना पाहिलं. पन्नासाव्या माणसाने वडी खाली ठेवली तेव्हा मोरीवर दोन गुळगुळीत साबण पडले होते. कुठला कुणाचा हे त्यांना जन्म दिलेल्यांनाही सांगता आलं नसतं.

"दोघेही टकले," मावशी म्हणाल्या, पण हसलं कुणी नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. "शंभराव्या हाताला दोन्ही गेलेले, म्हणजे सारखेच ठरले म्हणायचे. मग स्टुडिओचं घेऊ. निदान पुस्तिका तरी आहे."

"मासा राहायला हवा होता," लेक म्हणाली. "हात झिजून जायचे आणि मासा राहायचा. शेवटच्या चकतीपर्यंत. तेच तर होतं त्यात! पहिल्या दिवशी माणसाला हात दिसतात. मासा त्याला वापरता वापरता सापडतो."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चार. चार ही चूक नव्हती. खरं चित्र म्हणजे तो खोल मासाच होता. बाकी सगळं नुसतं त्याच्याभोवतीचं होतं.

बाईंनी तो अर्धा कागद मागवला, वाचला आणि मास्तरांकडे पाहिलं. "इथे चार लिहिलंय."

मास्तरांकडे उत्तर तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर. प्रेसचा दाब कमी पडला असेल. एवढं म्हटलं की भागत होतं. दाब रोज कमी-जास्त होतो, कुणी तपासलं नसतं, आणि तीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. "दाब..." त्यांनी सुरुवातही केली. मग त्यांचं लक्ष प्रेसवरच्या मावशींकडे गेलं. मावशी ओले हात पदराला पुसायच्या थांबल्या होत्या आणि त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"दाब बरोबर होता," मास्तर म्हणाले. "मी दीड कोरलं. मला वाटलं तिची चूक झालीय."

"मग विचारलं का नाहीत?" बाई म्हणाल्या.

"त्याने कधी विचारलंय?" लेक एकदम पुढे आली. 'मास्तर, तुम्ही' कुठल्या कुठे उडालं. "बाबा, चौथीत मी घोडा काढला होता. बक्षीस मिळालं. आपल्या दारामागे तो अजून लावलायस तू. मी खेळायला गेले तेव्हा त्याचे पाय तू सुधारलेस. तुला वाटलं मला कळलं नाही? सगळी शाळा टाळ्या वाजवत होती आणि मला ठाऊक होतं की ते पाय माझे नाहीत. त्यानंतर मी तुझ्यासमोर एक तरी चित्र काढलं का? आठव."

मास्तरांनी खरोखर आठवून पाहिलं. एकही आठवेना. पोरगी मोठी झाली म्हणून दार लावून बसते, अशी त्यांनी आजवर समजूत करून घेतली होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही वाईट वाटलं, कारण त्या घोड्याचा त्यांना आजही अभिमान होता.

"घरचं घरी," बाई म्हणाल्या, पण आवाज सौम्य होता. "ठसा चुकीचा कोरला हे कबूल. पण चार कोरलं असतं तर मासा राहिला असता, हे कुणी पाहिलंय? नवा ठसा करायला दोन दिवस. माझ्याकडे चाळीस मिनिटं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

लेकीने ट्रेमधून आपल्याच ठशाची एक ताजी वडी उचलली, मास्तरांच्या बाकावर बसली आणि त्यांची सर्वांत बारीक कोरणी घेतली. ती हातानेच मासा खोल करणार होती.

ती कोरणी आजवर मास्तरांशिवाय कुणी धरली नव्हती. लेकीने ती पेन्सिलीसारखी धरली. चुकीची. धार अंगठ्याकडे. मास्तरांचा उजवा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी तो डाव्या हाताने पकडला, पाठीमागे नेला आणि तिथेच घट्ट धरून ठेवला. तिने शेपटीपाशी जोर जास्त लावला. एक कपचा उडाला. मागे कुणीतरी 'अरेरे' म्हटलं. आता वडी उलटी धर, मास्तर मनात म्हणाले, आता हळू, आता पोटाकडून ये. जित्याची खोड. पण तोंडातून त्यांनी अक्षर काढलं नाही. आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी क्वचितच केलं असेल. लेकीने वडी आपली आपणच फिरवली, तुटक्या शेपटीला मिळतीजुळती दुसरी बाजू केली, आणि उठली.

"पुन्हा रांग," मावशी ओरडल्या. "चला रे, कातडी निघाली तरी चालेल, आज सगळे चकाचक होऊनच घरी जायचं!"

या वेळी थट्टा फार वेळ टिकली नाही. हात भराभर धुतले जात होते, पाणी जमिनीवर सांडत होतं, आणि वडी परत येईल तशी सगळ्यांची मान तिच्याकडे वळत होती. वीस. तळहात पुसट. तीस. एक अंगठा गेला. चाळीस. हात गेले. शेवटच्या माणसाने, बॉयलरवरच्याने, फेस झटकला आणि वडी उजेडात धरली.

"अरे, मासा!" तो म्हणाला.

मासा होता. मोकळ्या पांढऱ्या वडीवर तो एकटाच पोहत होता, आणि हात असताना होता त्याहून जास्त ठळक दिसत होता. वडी हातोहात फिरली. बाईंनी ती घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. बाराला सात मिनिटं कमी होती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे हाताने झालं. मला रोज दहा हजार वड्या काढायच्यात. असा ठसा कोराल? साबण सुटेल त्यातून?"

आता सगळे मास्तरांकडे बघत होते, आणि लेक सर्वांत जास्त. हो म्हटलं तर ती जिंकत होती. पण आठवड्याभरात प्रेसवर हजारो माशांची शकलं झाली असती, तीही तिच्या नावावर.

"हिने काढलाय तसाच, नाही," मास्तर म्हणाले. "अडकेल."

लेकीने मान खाली घातली. बाईंच्या हातातला फोन वाजायला लागला. छापखाना.

मास्तर बाईंकडे पाठ करून लेकीकडे वळले. घसा साफ केला. "एक विचारायचं होतं," ते म्हणाले, आणि एवढं बोलतानाही ते अडखळले. "माशाच्या कडा तू सरळ खाली उतरवल्यास. त्यांना उतार दिला तर साबण सुटेल. पण मग मासा वर रुंद आणि तळाशी अरुंद होईल. वडी झिजेल तसा तो लहान लहान होत जाईल. तुझ्या चित्रात तसं नाहीये. तुला चालेल? नसेल चालत तर मी बाईंना होत नाही म्हणून सांगतो. माझ्या मनाने काही करणार नाही."

लेकीने वडी हातात घेतली. फोन वाजतच होता.

"म्हणजे शेवटी अगदी पिल्लू उरेल?"

"पिल्लू."

"आणि माणसाला वाटेल, तो लांब चाललाय." ती अजून वडीकडेच बघत होती. "हे मला सुचलं नव्हतं." मग तिने मान वर केली. "किती उतार?"

"ते तू सांगायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी बाकावरून पेन्सिल आणि कोरा कागद घेतला.

मागे बाईंनी फोन उचलला होता. "हो, ठरलं," त्या म्हणत होत्या. "मासा. नाही हो, सूर्य नाही, मासा."

लेक आकडे सांगत गेली आणि मास्तर लिहीत गेले. तोंडाचा उतार, पोटाचा उतार. तिसऱ्या आकड्याला, शेपटीपाशी, पेन्सिल थांबली. त्यांच्या हिशेबाने तो चक्क निम्म्याने चुकला होता. त्यांनी तो जसाच्या तसा लिहिला आणि मग विचारलं, "हा एवढाच का?"

लेक त्यांच्या शेजारी बाकावर टेकली आणि सांगू लागली.