बाभळीकडं जाणारी बोट

कृष्णेला पूर आला आणि इंद्रजितची बायको मंगल मळ्यातल्या छपरावर अडकली. रबरी बोट मिळाली, पण स्टिअरिंगची केबल कडेच्या फुगलेल्या रबरावर घासत होती. ते फाटलं तर बोटीत आणि चादरीत फरक उरला नसता. म्हणून इंद्रजितनं मेंढपाळ धुळाच्या वारलेल्या आज्ज्याची घोंगडी फाडून केबलीला गुंडाळली.

"मेलेल्याची घोंगडी फाडत न्हाईत रं," धुळा म्हणाला आणि तरीही बोटीत बसला.

इंद्रजितनं चाक मळ्याकडं फिरवलं. बोट बुडालेल्या बाभळींकडं गेली आणि थांबली. त्यानं केबल चाचपली. कुणीतरी धरून ठेवल्यासारखी ती ताठ होती.

"आज्जा हितंच मेंढरं बसवायचा," धुळानं एसटीचा थांबा सांगावा तसं सांगितलं. "ती घेतल्याबिगर घरला येत नव्हता."

दिसत काहीच नव्हतं. फक्त ओल्या लोकरीचा वास आला, खुरं वाजत राहिली आणि बोट ओझ्यानं हळूहळू पाण्यात खाली बसत गेली. मग चाक हलकं झालं.

मळ्यावर मंगलनं छपरावरून पाय खाली सोडला, बोटीत पाहिलं आणि पाय परत वर घेतला.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यांच्यात मी बसू कुठं?"