मोहाऊच्या नावाचे जेवण

मित्रांनो, मी बिडाचा एक जुना हंडा आहे. तीन पायांचा, पोटाने मोठा आणि रंगाने कोळशासारखा. लेसोथोच्या डोंगरात एका बंद घराच्या मागे मी पालथा पडलो आहे. माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात. पण माझ्यापेक्षा मी माझ्या मालकिणीबद्दलच जास्त बोलणार आहे. तिच्यावाचून माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही.

माझा जन्म सीमेपलीकडच्या एका ओतशाळेत झाला. तिथल्या सोन्याच्या खाणीत राबणाऱ्या एका माणसाने सुट्टीवर घरी येताना मला विकत घेतले, खेचरावर बांधले आणि खिंड ओलांडून आणले. त्याची तरुण बायको दारात उभी होती.

"अहो, घरात माणसं दोन, आणि हंडा केवढा हा! यात काय मला उकडणार आहात?" असे म्हणून ती खळखळून हसली.

पुढे तिला मुलगा झाला. त्याचे नाव मोहाऊ, म्हणजे दया. तेव्हापासून आमच्या रिवाजाप्रमाणे तिला सगळे मामोहाऊ म्हणू लागले, मोहाऊची आई. त्याच्यानंतरची मुले जगली नाहीत. तिचे नाव त्या एकाच मुलावर टेकून राहिले.

दोन माणसांना मी मोठा होतो, पण गावाला नव्हतो. गावात कुणी गेले की शनिवारी मर्तिक असे. दोघी बायका माझ्या कडीत दांडा घालून मला उचलून नेत. मामोहाऊ गोवऱ्या पेटवी, मका शिजवी, मटण शिजवी आणि शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत चुलीपासून हलत नसे. गुरुवारी चर्चच्या मंडळीतल्या आयांची प्रार्थना असे. तिथेही काळा स्कर्ट आणि पांढरी कॉलर घालून तीच सगळ्यांच्या आधी पोचे. गावातल्या एकूण एक आजाऱ्याचे नाव तिच्या प्रार्थनेत येई.

मापुलाने नावाची तिची शेजारीण मोठी तोंडाळ होती. ती म्हणे, "बाई, तुझा हंडा बाहेर निघाला की गावातले म्हातारे खोकला दाबून धरतात!"

"धरू देत की," मामोहाऊ म्हणे. "पोटात अन्न नसलं, तर रडूसुद्धा धड येत नाही माणसाला."

खाणीच्या धुळीने तिच्या नवऱ्याची छाती पोखरली आणि तो गेला. त्या वेळी रिवाजाप्रमाणे ती आत गादीवर बसून राहिली. बाहेर मापुलानेने मला सांभाळले. सगळा गाव आला, जेवला, रडला. मग मामोहाऊ उठली आणि शेतात गेली. मला तेव्हा कळले की मर्तिक मेलेल्यासाठी असते तेवढेच मागे राहिलेल्यासाठीही असते.

मोहाऊ मोठा झाला. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि लिनेओ नावाची तान्ही मुलगी आजीच्या पाठीवर आली. मोहाऊला कुठेच काम मिळेना. शेवटी तो एका बंद पडलेल्या खाणीत चोरून उतरणाऱ्या माणसांबरोबर गेला. "आई, पेरणीला येतोच," एवढे म्हणाला. पेरणी झाली, कापणी झाली. मग त्यांच्यातला एक जण परत आला. खाली बोगदा कोसळला होता. मोहाऊ कोसळलेल्या बाजूच्या पलीकडे होता. पुन्हा तिकडे कुणी उतरले नव्हते.

मामोहाऊने मर्तिक करायचे ठरवले. चर्चचे पाळक आणि खोआबाने नावाचा तिचा दीर, दोघेही अंगणात आले. मी चुलीवरच होतो.

"बाई, प्रेत नाही, कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही," पाळक हळूच म्हणाले. "मी पुरू तरी काय? देवाला काही अशक्य नाही. आशा धरा."

खोआबानेला ते मवाळ बोलणे पुरेसे वाटले नाही. "वहिनी, जित्या पोराचं मर्तिक घातलंस, तर त्यालाच बाधेल. आणि उद्या दारात येऊन उभा राहिला तर?"

"राहू दे ना उभा! पहिलं ताट त्यालाच वाढीन मी."

ते दोघे निघून गेले आणि मर्तिक राहून गेले. त्या दिवसापासून आशा धरणे हेच तिच्या मागे लागलेले काम झाले. मित्रांनो, आशा चांगली असते असे तुम्हाला शिकवले असेल. मी तिला एका बाईला आतून पोखरताना पाहिले आहे. कुत्रे भुंकले की ती उठे. जेवताना एक भाकरी बाजूला काढी आणि सकाळी शिळी झालेली तीच खाई. चुलीपुढची तिची प्रार्थनाही बदलली. आधी ती देवाला सांगत असे. मग विचारू लागली. पुढे ती नुसतीच हात जोडून बसे.

अशी कित्येक वर्षे गेली. एका शनिवारी तिने कुणालाही न विचारता घरची एकुलती मेंढी कापवली, मला चुलीवर चढवले आणि गावात निरोप पाठवला, 'मोहाऊच्या नावाने जेवायला या.'

लिनेओ तेव्हा जाणती झाली होती. गोवऱ्या सारता सारता तिने विचारले, "आजी, बाबा खरंच गेलेत का गं?"

"मला ठाऊक नाही, बाळा. ठाऊक नाही म्हणूनच रांधलंय. वाट बघता बघता मीच सरत चाललेय."

अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. ताटल्या धुऊन ठेवल्या होत्या. पण वाटेवर कुणी दिसेना. खोआबानेने घरोघर जाऊन सांगितले होते की ते अन्न अपशकुनी आहे. ऊन कलता कलता एकटी मापुलाने आली. तिने उभ्यानेच दोन घास खाल्ले आणि डोळे पुसत म्हणाली, "रागावू नकोस गं. माझाही मुलगा तिकडं खाणीतच आहे."

मामोहाऊ रागावली नाही. तिने एक गीत म्हणायला घेतले. ते तिला पहिल्या कडव्यापुढे नेता आले नाही. माझ्या काठापर्यंत भरलेले ते अन्न तिने दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना घातले. मला राखेने घासले. आणि गुरुवारी ती नेहमीसारखी प्रार्थनेला गेली.

लिनेओ पुढे सखल भागात, कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. ती तिकडे असतानाच एका हिवाळ्यात मामोहाऊ गेली. बर्फाने खिंड बंद होती, त्यामुळे नात पोचू शकली नाही. पण गाव मात्र अख्खा आला. मला दोनदा भरावे लागले. "हिने आपणा सर्वांना जेवू घातले," असे पाळक म्हणाले. माणसे माना डोलावत जेवत होती. मोहाऊचे नाव कुणाच्याही तोंडून निघाले नाही.

बर्फ वितळल्यावर लिनेओ आली. तिने खोआबानेला विचारले, "आजोबा, आजीच्या शेजारी बाबांच्या नावाचा एक दगड ठेवू?"

"आधी प्रेत आण. मग ठेव दगड."

तिने घराला कुलूप लावले, मला भिंतीमागे पालथे घातले आणि ती गेली. नंतर ती आली नाही.

मित्रांनो, भांडी नीट ठेवा, घासूनपुसून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. जिचे मूल परतलेले नाही, त्या आईला 'आशा धर' एवढेच सांगून आपापल्या घरी जाऊ नका. तिने ताट वाढले, तर खाली बसा आणि जेवा. त्या शनिवारी गावाने दोन दोन घास खाल्ले असते, तर कुणाचेही काही बिघडले नसते. आता कुणाच्या मनात आले, तरी ते घास खाता येणार नाहीत.