भिंतीचा व्हिडिओ

घरातून निघतानाच व्हिडिओवाल्याने बायकोला बजावलं होतं, "आज पैसे घेतल्याशिवाय परत येणार नाही. त्यांच्या दारात बसून राहीन." बायको म्हणाली, "बसा, पण डबा घेऊन जा." नवऱ्याच्या रागापेक्षा त्याच्या भुकेवर तिचा जास्त विश्वास होता.

खरं म्हणजे पैशांसाठी त्याचा जीव तुटत नव्हता. त्याची मुलगी फुटबॉल खेळायची. गोलच्या पुढे, बचावफळीत. तिच्या बाजूने बॉल पुढे जाईल तर शपथ, म्हणून मैदानावर सगळे तिला 'भिंत' म्हणत. बापाला त्या नावाचा कोण अभिमान! परदेशातली विद्यापीठं चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, राहणं-शिकणं सगळं फुकट, आणि एक कंपनी तुमचा व्हिडिओ तिथल्या प्रशिक्षकांपर्यंत पोचवते, असं त्याच्या कानावर आलं. गड्याने आपला दुसरा कॅमेरा विकला, फी भरून टाकली आणि पोरीचा व्हिडिओ स्वतः शूट करून दिला. वर्ष गेलं. बोलावणं एकाही ठिकाणाहून आलं नाही. मुलीचं वय उलटलं, प्रवेशाची दारं मिटली, आणि ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली.

तेही त्याने सोसलं असतं. पण एकदा जेवताना ती म्हणाली, "मी तेवढी चांगली नसेन, बाबा. सोडा आता." त्या वाक्याने त्याच्या काळजाला घरं पाडली. कंपनीने पैसे परत केले म्हणजे चूक कंपनीची, पोरीची नाही, हे तिला दाखवता येणार होतं. एवढ्यासाठी तो निघाला होता.

कंपनीचं ऑफिस व्यायामाच्या सामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतीवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, सोफ्यावर टेनिसची बॅग घेतलेली एक मुलगी आणि तिचा बाप. टेबलामागच्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि व्हिडिओवाल्याने तोंड सोडलं.

"तोंडाला पानं पुसलीत तुम्ही आमच्या! वर्षभर नुसतं 'बघतो, कळवतो'. तुम्ही काही पाठवलंच नसणार!"

सोफ्यावरचा बाप सावरून बसला. बाई चिडल्या नाहीत. रोज कुणी ना कुणी ओरडून जात असणार, त्याची सवय असावी.

"पाठवलाय, काका. प्रशिक्षकांनी उघडून बघितलाय. बसा. तुम्हाला दाखवते."

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि त्याचाच व्हिडिओ लावला.

सोनेरी अक्षरांत पोरीचं नाव झळकत आलं. मागे व्हायोलिन. मग ती. अर्धी स्क्रीन भरून तिचा चेहरा, कपाळावर चिकटलेले केस, दातांत धरलेला खालचा ओठ. सगळं संथ, पाण्यातून चालल्यासारखं. खालून कुठून तरी बॉल येई, तिच्या पायाला लागून निघून जाई, आणि कॅमेरा पुन्हा तिच्या डोळ्यांवर. व्हिडिओवाल्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"बघा ना," तो म्हणाला. "कशात कमी आहे माझी पोर?"

"ती कुठे उभी आहे, काका?"

"कुठे म्हणजे? मैदानावर."

"मैदान कुठंय?"

तो हसला. मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं, आणि नंतर बराच वेळ पाहत राहिला.

अर्धं आयुष्य त्याने लग्नं शूट केली होती. ज्याच्या हाताखाली शिकला त्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की बाकी काही सुटलं तरी चालेल, नवरीचा चेहरा सुटता कामा नये. मांडव कोसळला तरी तू नवरीवरून हलायचं नाहीस. आणि तो कधी हलला नव्हता. या धंद्यात नवरी जास्त दिसली म्हणून आजवर कुणी भांडायला आलेलं नाही. स्वतःच्या पोरीचं शूटिंग करताना तर त्याने जिवाचं रान केलं होतं. उन्हात, वाऱ्यात, एक डोळा कॅमेऱ्यात आणि दुसरा घट्ट मिटलेला.

बाई समजुतीने सांगत होत्या. "बचावाचा खेळाडू बॉल यायच्या आधी खेळतो. कुठे सरकली, कुणाला अडवलं, कुणाला मोकळं सोडलं, ते बघायचं असतं त्यांना. इथे असं वाटतं की बॉल आपोआप हिच्या पायाशी येतोय. दोन ठिकाणांहून विचारणाही झाली होती, पूर्ण मैदान दिसेल असं शूटिंग आहे का म्हणून. मी तुम्हाला फोन केला होता."

केला होता. त्याला आठवलं. एका लग्नाच्या हॉलमागे उभा राहून बॅटरी बदलत होता तो. खांद्याने फोन कानाशी दाबून ऐटीत म्हणाला होता, "मॅडम, व्हिडिओतलं मला शिकवू नका. तुम्ही पाठवायचं काम करा." आणि हाताखालच्या लोकांकडे बघून डोळा मारला होता.

"मूळ शूटिंग असेल ना तुमच्याकडे? पूर्ण सामन्यांचं?"

"आहे," तो म्हणाला. "सगळं असंच आहे."

तेवढ्यात आतून कंपनीचे मालक बाहेर आले. मघाचा आरडाओरडा त्यांनी ऐकला होता, आणि सोफ्यावर नवीन गिऱ्हाईक बसलं होतं. "यांचे पैसे देऊन टाका," ते बाईंना म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. विषय संपवा." बाईंनी चेक लिहिला. नको म्हणावं असं व्हिडिओवाल्याच्या जिभेवर आलं होतं, पण नको म्हटलं तर का ते सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं. त्याने मुकाट्याने चेक खिशात घातला. एवढी लाज आणणारी जीत त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

बसमध्ये बसल्यावर त्याने काय सांगायचं ते ठरवून टाकलं. पाठवलाच नव्हता म्हणायचं. कंपनीला काय, पैसे गेलेच आहेत तिचे, त्यावर आणखी एक आळ. पोरीला निदान इतकं तरी वाटेल, की तिला कुणी पाहिलंच नव्हतं. आणि आपणही सुटू. हा शेवटचा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःची किळस आली, पण त्याने बेत बदलला नाही.

घरी मुलगी दुकानाचा पांढरा कोट इस्त्री करत होती. बायकोने चेक पाहिला आणि तिचा चेहरा खुलला.

"दिले? म्हणजे चूक त्यांचीच! बघ गं, मी काय म्हणत होते?"

"पाठवलाच नव्हता त्यांनी," व्हिडिओवाला म्हणाला. चप्पल काढायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली. "चोर आहेत लेकाचे. तुझा खेळ कुणी पाहिलाच नाही, बाळा."

मुलीने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं.

"पाठवला होता, बाबा. पाठवल्याचा मेसेज मलाही आला होता."

त्याने एक चप्पल काढली.

"आमच्या फुटबॉलच्या सरांना दाखवला होता मी, पहिल्याच दिवशी. ते म्हणाले, हा चालायचा नाही. यात खेळ दिसत नाही, फक्त तू दिसतेस."

"मग मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज चिरकला. "पुन्हा केलं असतं मी! सगळं पुन्हा शूट केलं असतं!"

"कसं सांगणार? आम्हाला दोघींना बसवून लावलात तुम्ही तो. आई व्हिडिओ बघत होती, मी तुम्हाला बघत होते. तुम्ही रडत होतात, बाबा. मला वाटलं, तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाला तरी खेळ कळेल. जाऊ दे तसाच."

चेक बायकोच्या हातातच राहिला.

"पण मग तू असं का म्हणालीस," त्याला शब्द सापडेनात, "की मी तेवढी चांगली नसेन म्हणून?"

"तुम्ही रोज विचारायचात, का आलं नाही बोलावणं, का आलं नाही. दुसरं काय सांगणार होते मी तुम्हाला?"

व्हिडिओवाला दारातच खाली बसला. एका पायात चप्पल तशीच. रडू आवरायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली आणि लहानपणी तो तिची पाठ थोपटायचा तशी त्याची पाठ थोपटत राहिली.

मग तो म्हणाला, "उद्या मैदानावर जाऊ आपण. कॅमेरा घरीच ठेवतो. मला नुसतं कडेला उभं राहून बघू दे तू कशी खेळतेस ते. सगळं मैदान बघतो."

"बूट देऊन टाकले मी, बाबा," ती म्हणाली. "संघात नवीन मुलगी आली ना, तिला. तिच्या मापाचे होते."