काकवीच्या डब्यातलं पाणी

एका परीक्षानळीतला रंग फिकट पिवळ्यावरच थांबला. शेजारच्या नळीतला गडद नारिंगी झाला. रश्मीने दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. फिनॉल आणि गंधकाम्ल घातल्यावर साखर असा रंग देते.

पाणी एकाच जागेचं होतं. कोपरगावजवळ कालव्याच्या पाझराने चिबडलेल्या रानातलं, कुजलेल्या पाणकणसांनी कोऱ्या चहासारखं झालेलं. पिवळ्या नळीतलं तिने नंतर एकटीने जाऊन काचेच्या बाटलीत आणलं होतं. नारिंगी नळीतलं पंच्याण्णव सालचं, फ्रिजमध्ये जपलेलं. तेव्हा तिचे मार्गदर्शक राधाकृष्ण सरांनी पाणी भरायला मेहुण्याच्या गुऱ्हाळावरचा काकवीचा डबा आणला होता.

"सर, डबा आधी आम्लाने धुऊ या," ती म्हणाली होती.

"भांडी घासायला आलीस की पीएचडी करायला?" टेम्पोवालासुद्धा हसला होता.

त्या पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याची रचना सरांनी छापली. इतर दलदलींत बेंझिनच्या कड्या जास्त, इथे म्हणे साखरेच्या साखळ्या. केवढा शोध! लेखावर रश्मीच्या जागी सरांच्या पुतण्याचं नाव आलं, आणि तिचा प्रबंध सरांच्या सहीवाचून कपाटात पडून राहिला.

साखर डब्यातल्या काकवीची, ही चूक तिला केव्हाच कळली होती; आजच्या नळ्या फक्त पुराव्यासाठी होत्या. पण ती बोलली नाही. सरांचे सत्कार झाले, तिनेही टाळ्या वाजवल्या. अजून थोडे वर चढू देत, ती मनाशी म्हणे. खालून पडण्यात काय मजा?

आता उद्या पुण्याच्या पाठक मॅडम तेच पाणी तपासायला येणार होत्या. संध्याकाळी सर प्रयोगशाळेत आले, कधी नव्हे ते दारावर टकटक करून.

"रश्मी, बाळ, मॅडमनी विचारलं तर नमुना काचेत घेतला होता म्हण."

"डबा तुमचा होता, सर."

"अगं, डब्याचं काय घेऊन बसलीस! प्रबंध काढ, आत्ता सही करतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

याच सहीसाठी तिने किती खेटे घातले होते. आता सर पेन धरून तिच्यासमोर ताटकळत उभे होते. रश्मीने ते मन भरेपर्यंत पाहिलं.

"टोपण लावा, शाई वाळेल," ती म्हणाली. "तुमची सही मला नको. उद्या पाठक मॅडमना खरं काय ते मी सांगणार आहे. सगळ्या डिपार्टमेंटसमोर, आणि तुमच्या तोंडावर."