मोठे चौकोन

आपल्या लेकीचं चारचौघांत कौतुक करू नये, दृष्ट लागते, असं मानणाऱ्यांपैकी ताई नव्हत्या. दृष्ट लागायला आधी गोष्ट दिसायला तर हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या काम करत त्या बस आगाराच्या कंट्रोल रूममध्ये ठकीला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता.

ठकी म्हणजे ताईंची एकुलती एक लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. ती संगणकाच्या स्क्रीनची मांडणी ठरवायची: कुठलं बटण कुठं, काय मोठं दिसावं, काय लपवावं. बस ड्रायव्हरांसाठी तिनं स्टीअरिंगशेजारी लावायच्या टॅबची स्क्रीन केली होती. मोजके मोठे चौकोन. ‘निघालो’, ‘अडकलो’, ‘बिघाड’. एका वेळी एकच प्रश्न, एका बोटाचं उत्तर. ड्रायव्हर मंडळी खूश झाली. त्यातला एक इतक्या मोठ्यानं बोलायचा, की हेडफोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. त्याला सगळे भोंगा म्हणत. तो तर आगारभर सांगत सुटला, “ताईंच्या पोरीनं माझ्या जाड बोटांचा विचार केला हो! सासऱ्यानं अंगठी दिली तेव्हा त्यानंही केला नव्हता.”

हे ऐकून ताईंचा चेहरा दिवसभर फुललेला असायचा.

मग आगाराच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की हीच स्क्रीन कंट्रोल रूमच्या संगणकांवरही बसवावी. “सगळीकडे एकच रूप! शिकवायला सोपं, बघायला झकास.” काम अर्थातच ठकीकडे आलं. तिनं घरी सोफ्यावर बसून आईच्या मांडीवर टॅब ठेवला आणि म्हणाली, “बघ. खोटं बोलू नकोस हं.”

ताईंनी एका बोटानं नकाशा उघडला, बंद केला, ड्यूटीची यादी उघडली. “अगं, चष्म्याशिवाय दिसतंय! फारच सुरेख.”

यात खोटं काहीच नव्हतं. पण सोफ्यावर बसलेल्या ताई फक्त आई होत्या. कंट्रोल रूममधल्या ताई संध्याकाळी पाळी संपली, की घरी यायच्या नाहीत, तिथल्या खुर्चीतच राहायच्या.

त्या खुर्चीतल्या ताई कशा काम करायच्या, ते बघण्यासारखं होतं. समोर दोन हात रुंद स्क्रीन. डावीकडे शहराचा नकाशा, त्यावर मुंग्यांसारख्या हलणाऱ्या बस. उजवीकडे ड्यूटीची यादी, कोण गाडीवर, कोण जेवायला, कोण मोकळा. खाली निरोपांची पट्टी. कान ड्रायव्हरकडे, डोळे नकाशावर, आणि बोटं न बघता कीबोर्डवर. सुगरण फोडणी देताना डब्यांकडे कुठं बघते? हात बरोबर मोहरीवर जातो, कारण सगळं ओट्यावर, हाताशी मांडलेलं असतं. तसंच हे.

चाचणीचा दिवस आला. नवी स्क्रीन दोन टेबलांवर लावली. एक ताईंचं, दुसरं शेजारच्या सावकाशरावांचं. हे गृहस्थ कामात चोख, पण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारे. म्हणून ते नाव. बाकीच्या टेबलांवर जुनंच चालू होतं. मागे स्टुलावर ठकी बसली आणि तिच्या शेजारी साहेब उभे राहिले.

ताईंनी नकाशाचा चौकोन दाबला. नकाशा पडदाभर पसरला. सुंदर, स्वच्छ, ऐसपैस. आणि यादी? यादी गेली. ती बघायची तर मागे जायचं, दुसरा चौकोन दाबायचा, म्हणजे मग नकाशा जाणार. बोट लावायचं तर स्क्रीन हातभर लांब. माउस टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरपटत न्यावा लागे. बटणं टेबलाएवढी आणि काम चिमटीएवढं.

इतक्यात हेडफोनमध्ये भोंगा वाजला. “ताई! पुलाशी रस्ता खणलाय! मी अडकलोय!”

ताईंनी मागं ठकीकडे बघितलं. लेक ओठ घट्ट मिटून बघत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा वर जायच्या आधी बघायची, अगदी तशी.

ताईंनी यादी उघडलीच नाही. “बाजाराकडून वळव. तुझ्या मागचीला मी थांबवते. तलावाच्या थांब्यावर एक जण मोकळा आहे, त्याला पाठवते.” कोण कुठं आहे, हे त्यांना सकाळपासून तोंडपाठ होतं. पुढचा फोन तसाच, त्याच्या पुढचाही.

“बघितलंत साहेब?” ठकी हळूच म्हणाली. “आईचं तर बोटसुद्धा अडखळलं नाही.”

“वा! क्या बात है!” साहेब म्हणाले, आणि ताईंची मान ताठ झाली.

शेजारी मात्र सावकाशरावांची त्रेधा उडाली होती. नकाशा बघितला की यादी विसरायची, यादी बघितली की थांबा विसरायचा. त्यांनी एक जादा बस पाठवली, ती नेमकी आधीच बस उभी असलेल्या थांब्यावर. दोन बस एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या, आणि दवाखान्याच्या थांब्यावर माणसं रस्त्याकडे डोळे लावून.

साहेबांनी बघितलं. “ताईंना जमतं, मग तुम्हाला का जमू नये? राहू द्या. उद्यापासून तुम्ही चौकशीच्या खिडकीवर बसा. जेवणानंतर मी ही स्क्रीन सगळ्या टेबलांसाठी पास करतो.”

सावकाशराव नुसते “बरं” म्हणाले. तेही सावकाश.

जेवणाच्या सुट्टीत ताई पाणी प्यायला गेल्या, तेव्हा ते आपला कप धूत होते. एकच कप, पण दोनदा.

“ताई, एक विचारू? तुम्ही यादी कधी उघडत होता? मी बघत होतो. मला दिसलं नाही.”

ताईंनी पेला खाली ठेवला. “उघडलीच नाही. मला पाठ होती.”

“अच्छा.” त्यांनी कप पालथा घातला. “मग चाचणी कुणाची झाली? स्क्रीनची, की तुमच्या डोक्याची?”

“माझी लेक आहे हो ती.”

“म्हणूनच विचारलं,” सावकाशराव म्हणाले. “माझं काय, मी खिडकीतून लोकांना बसचे नंबर सांगेन. पण ही स्क्रीन सगळ्यांना लागली, की रोज कुणीतरी दवाखान्यासमोर ताटकळणार. आणि नाव कुणाचं निघणार? तुमच्या ठकीचं.”

ताई तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सांगायला तर हवं. पण ठकीला सांगून काही पटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. लहानपणी बुटाची नाडी बांधायची तर “मीच, मीच!” चालायचं. ताई कधी हात लावायच्या नाहीत. शेजारी बसायच्या आणि गाठ सुटेपर्यंत वाट बघायच्या. सुटली, की पोर आपणच म्हणायची, “आई, असं नाही वाटतं.”

सुट्टी संपली. साहेब आले. ताई खुर्चीत न बसता बाजूला उभ्या राहिल्या.

“ठके, ये. तू बस इथं.”

“मी? मला कुठं बस सोडता येतात!”

“खऱ्या सोडायच्या नाहीत. सराव चालू करते. मी ड्रायव्हर होते, तू ताई हो. बघू तरी तुला माझी गादी पेलते का!”

ठकी हसत बसली, हेडफोन चढवला. ताई पलीकडच्या टेबलावरून बोलू लागल्या. “ताई, मी बाजाराशी अडकले. टायर बसलाय. चाळीभर माणसं आहेत गाडीत.”

“थांबा, नकाशा बघते. हं, दिसलात. आता मोकळा ड्रायव्हर...” ठकी मागे गेली, यादी उघडली. “सापडला! कुठल्या थांब्यावर म्हणालात?”

“दोनदा सांगायला मी काय रेडिओ आहे?”

सावकाशरावांनीही दुसरा फोन उचलला. “ताई, पुलावर रस्ता बंद. मी कुठून जाऊ?”

ठकी पुन्हा नकाशावर. तेवढ्यात डबा संपवून भोंगा दारात आला आणि खेळ चाललाय म्हटल्यावर त्याला कोण थांबवणार? “ताई! माझं ब्रेक दुखतंय! म्हणजे, ब्रेक लागत नाही आणि पाठ दुखतेय!”

सगळे हसले. ठकी हसली नाही. तिचा हात माउसवरून उठला, शेजारचं पेन उचललं, आणि तिनं डाव्या तळहातावर भरभर लिहिलं. बाजार. टायर. पूल.

मग ती थांबली. तळहाताकडे बघत राहिली.

ताई जागच्या हलल्या नाहीत. गाठ सुटेपर्यंत थांबायचं असतं.

“एवढी मोठी स्क्रीन समोर आहे,” ठकी म्हणाली, “आणि मी हातावर लिहितेय.”

तिनं हेडफोन काढला. आईकडे वळली तेव्हा डोळ्यांत राग होता. “घरी तू सुरेख म्हणालीस!”

“म्हणाले.”

“आणि सकाळी? अडखळलीसुद्धा नाहीस!”

“सकाळी यादी पाठ होती, ती म्हणून दाखवली. तुझ्या स्क्रीनला पास करायला मी कॉपी केली गं. तुझ्यासाठी केली आणि तुझंच नुकसान केलं. चुकले.”

साहेब मध्ये पडले. “अहो, एवढं काय! सवय होईल हळूहळू. काम तर पूर्ण आहे ना? मी पास करतो.”

आता ठकीनं फक्त गप्प राहायचं होतं. काम पास, नाव पास. लेकीला काय बोलायचं ते ताईंनी शिकवलेलं नव्हतं, आणि आता शिकवायला वेळही नव्हता.

ठकी उठून उभी राहिली. “नका करू, साहेब. ही स्क्रीन चुकलीय.”

“पण ड्रायव्हर तर—”

“ड्रायव्हरांसाठी बरोबर आहे. त्यांचा एक हात स्टीअरिंगवर, नजर रस्त्यावर. त्यांना एका वेळी एकच विचारावं. पण इथं बसणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे आहेत, समोर एवढी जागा आहे, आणि सगळं एकदम दिसायला हवं. मी ओटा उचलून कपाटात भरला. दिसायला आवरलेलं, पण स्वयंपाक होईना.”

“आणि एकच रूप ठेवायचं म्हटलं होतं, त्याचं?”

“पायात घालायचे म्हणून बूट आणि मोजे एकाच चामड्याचे करतात का? शब्द तेच ठेवते, रंग तेच ठेवते. मांडणी मात्र इथं बसून नव्यानं करीन. आणि मला सावकाशराव इथेच हवेत. आईवर चाचणी घेण्यात अर्थ नाही, तिला सगळं पाठ आहे. शिवाय ती माझी आई आहे.”

साहेबांनी हनुवटी खाजवली, एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा तिच्या तळहाताकडे. “ठीक आहे. तोवर जुनंच चालू द्या. सावकाशराव, बसा जागेवर.”

“बसतो,” सावकाशराव म्हणाले, आणि बसण्याआधी खुर्ची नीट आहे ना, ते दोनदा बघितलं.

ठकीनं स्टूल उचलून त्यांच्या टेबलाशी ओढलं. “काका, तुमचा हात सगळ्यात आधी कुठं जातो? करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही.”

ताईंनी आपल्या टेबलावर नकाशा, यादी आणि निरोप पुन्हा शेजारीशेजारी मांडले. थोड्या वेळानं भोंगा गाडी घेऊन रस्त्याला लागला आणि हेडफोनमधून गरजला, “ताई! ऐकलं ते खरं का? पोरीनं स्वतःची स्क्रीन स्वतःच नापास केली?”

“खरं आहे.”

“आणि तुमचा आवाज असा, की पोर पहिली आली!”

“पास तर कुणीही करतं रे,” ताई म्हणाल्या. मुद्दाम जरा मोठ्यानं. शेजारच्या टेबलाशी ठकीची खाली घातलेली मान वर झाली नाही, पण कान लाल झालेले त्यांना दिसले. “बरं, ते राहू दे. तू कुठं आहेस, बोल.”

आणि त्यांची बोटं, न बघता, कीबोर्डवर धावली.