दहाला उमलणारी बाग

मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आमच्या धंद्यात थाप खपत नाही, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक घड्याळ घेऊन परत येतं. तेव्हा पुढे लिहिलंय त्यात तिळाएवढं खोटं असेल, तर माझा चिमटा गंजो.

आमच्या हिला बाग हवी होती. गुडघे कुरकुरतात, छातीत धडधडतं, पण बाग हवी. रोपवाल्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काका, तुम्ही ऑफिसटाइमची फुलं लावा. बोटभर काडी मोडायची, रेताड मातीत खुपसायची. ऊन भरपूर, पाणी चार दिवसांनी. खत नको, छाटणी नको. फक्त उगाच हात लावायचा नाही."

"नेमकं तेवढंच त्यांना जमत नाही," ही म्हणाली.

गॅलरीत दोन फुटक्या बादल्या, एक जुनं बेसिन आणि बूड गेलेली कढई मांडून काड्या खुपसल्या. महिन्याभरात गुलाबी, पिवळी, शेंदरी फुलं दाटीवाटीने उभी राहिली. ही फुलं दहाच्या सुमारास उमलतात, दुपारी मिटतात, म्हणून ते नाव. पण 'सुमारास' हा शब्द लोकांच्या फुलांसाठी. आमची फुलं दहाच्या पहिल्या ठोक्याला उमलायची. समोरचा शिंपी त्यांच्याकडे बघून दुकान उघडायचा. एकदा भिंतीवरच्या घड्याळात आणि फुलांत अर्ध्या मिनिटाचा फरक पडला. घड्याळ उघडून पाहिलं, तर चूक घड्याळाची.

अडीचला फुलं मिटली की ही आडवी व्हायची. इकडे पाकळी मिटली, तिकडे हिची पापणी. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

मग हिच्या छातीचं ऑपरेशन ठरलं, सकाळी साडेनऊचं. आत नेताना म्हणाली, "अहो, दहाला फुलं उमलली की समजा माझं ठीक चाललंय. उगाच डॉक्टरांना पिडू नका."

मी तिथेच थांबणार होतो. पण शेजारच्या खोलीतल्या यंत्राची टुकटुक ऐकून "हे जरा मागे पडतंय" असं तीनदा म्हणालो आणि नर्सने मला घरी पिटाळलं. हिची धाकटी बहीण थांबली.

गॅलरीत पोहोचलो. दहाचे ठोके पडले. एकही फूल उमललं नाही.

आभाळ गच्च भरलं होतं. ऊन नसेल तर ही फुलं उमलत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण घड्याळजीची जातच अशी, की बंद पडलेल्या वस्तूच्या आत बघेल, बाहेर बघणार नाही. डोळ्याला भिंग लावलं, चिमटा काढला आणि बेसिनमधली सगळ्यांत टपोरी कळी धरली. एक पाकळी सोडवली. दुसरी. कळी गार होती. पाचही पाकळ्या मोकळ्या केल्या आणि सवयीने देठाशी तेलाचा एक थेंब सोडला. फूल शहारलं आणि ताठ उभं राहिलं. दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

अकराला मेव्हणीचा फोन. "भावोजी, ताई बरी आहे. पण मध्येच काळीज थांबलं होतं म्हणे. दहाला. मग आपोआप..."

"चौदा मिनिटांनी," मी म्हणालो.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

दुपारी ऊन पडलं, बाकीची फुलं उशिरा उमलली आणि मिटली. बेसिनमधलं ते एक मिटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एरवी या फुलाचं आयुष्य एका दिवसाचं.

दहा दिवसांनी ही घरी आली. गाल लाल, चाल तुरुतुरु. अडीचला अंथरूण घातलं. ही पडली, पण डोळे उघडेच.

"झोप येत नाही?"

"दवाखान्यापासून नाही. पण थकवाही नाही हो. बरंच आहे, घरातली कामं उरकतात."

मी घड्याळ लावून बसलो. तासाभरात हिची पापणी एकदाही लवली नाही.

आता मी पहाटे उठून देठाशी थेंब सोडतो. वाऱ्याला फळी आडवी धरतो, मधमाशी आली तर हात जोडतो. रोपवाला परवा खालून ओरडला, "काय काका, आहे ना बिनकष्टाची?" मी मान हलवली.

कालपासून एका पाकळीची कड करपली आहे. कालपासूनच ही डावा हात चोळते आहे.

आज दुपारी फुलापाशी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली ती हिच्या आवाजाने. ही बेसिनवर वाकली होती, डोळे टक्क उघडे, दोन बोटं पुढे केलेली.

"अहो, एवढ्या छान फुलाची ही एकच पाकळी करपलीये. खुडून टाकू?"

मी झडप घालून तिचं मनगट धरलं. ते अजून सोडलेलं नाही. म्हणून हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय. अक्षराला हसू नका.