तळाचा फोटो

खाली

कळमन्याच्या बाजारात बापूजींचं मिरचीचं अडत दुकान आहे. पोत्याच्या तळाची मिरची आपणहून काढून दाखवणारा अडत्या, अशी त्यांची तिथे ओळख. वरची लालभडक आणि तळाची फिकी असली, तर फिकीच आधी गिऱ्हाइकाच्या ओंजळीत पडायची. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनाही माल असाच दिसावा म्हणून त्यांनी नूपुरला ॲप करायला सांगितलं. नोकरी सोडून, बेसा वस्तीतल्या आपल्या घरी बसून तिने घेतलेलं हे स्वतःचं पहिलंच काम.

खाली

मांडणी साधी. बोटाने वर सरकवत गेलं की एकाखाली एक शेतकऱ्यांचा माल. कुठल्याही मालावर बोट आडवं फिरवलं की त्याच मालाचे पाच फोटो: पोत्याचं तोंड, मध्य, तळ, फोडलेली मिरची, देठ. उभं आणि आडवं एकाच पडद्यावर नांदवणं मात्र सोपं नव्हतं. बोट जरा तिरपं गेलं की गॅलरी दोन्हीकडे थोडी थोडी सरकून मध्येच लटकायची. आठवडाभर भांडून नूपुरने ते जमवलं. बोट आधी ज्या दिशेला निघेल ती दिशा खरी, उचलेपर्यंत दुसरी बंद.

आडवं

प्रत्येक फोटो पडद्याच्या रुंदीत काटेकोर बसला होता. कुठे फट नाही. चहा ढवळतानाही ती दुसऱ्या हाताने मिरच्या वर-खाली करत बसायची.

खाली

ॲप सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी बापूजींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"काहून वं नूपुर, ते तळाचे फोटो गेले कुठं?"

"आहेत ना बापूजी. आडवं सरकवलं की तिसरा."

"मले ठाऊक आहे. रायपूरच्या मोहितले नाही ठाऊक. मले म्हणते, बापूजी, आप भी ऊपर का माल दिखाने लगे? चाळीस वर्षांत असं मले कोणी म्हटलं नव्हतं, बाई. सोमवारपर्यंत पाहून घे. नाही तं मी आपला पहिल्यासारखा एकेक फोटो धाडीन."

आडवं

तिने ॲपच्या नोंदी उघडल्या. सत्तावीस व्यापारी येऊन गेले होते. सगळे शेवटच्या मालापर्यंत खाली गेले होते. बाजूला एकही वळला नव्हता.

खाली

तिने फोटोखाली पाच ठिपके टाकले आणि फोन आईच्या हातात दिला. अरुंधतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, परीक्षा घेण्याची सवय अंगात मुरलेली. त्या सरसर खाली गेल्या.

"झालं पाहून. छान आहेत मिरच्या."

"आई, आणि ते ठिपके?"

"मला वाटलं, काचेला डाग पडलेत. पुसूनसुद्धा पाहिले."

ठिपके गेले, बाण आला.

"हे जाहिरातीसारखं दिसतंय. जाहिरातीला हात लावू नको म्हणून तूच सांगितलंयस मला."

खाली

शनिवारी सकाळी नूपुर कळमन्याला गेली. फाटकातच चार शिंका आल्या. दुकानापाशी बापूजींनी आधी तिला ओढणी तोंडाला बांधायला लावली, मग बोलू दिलं.

रांगेने पोती उभी होती. आजूबाजूच्या दुकानांतली सुतळीने गच्च शिवलेली. व्यापारी त्यांच्यावरून नुसती नजर टाकून पुढे जायचे. बापूजींच्या पोत्यांशी आले की मात्र कोणी न सांगता थांबायचे, कारण बापूजींनी शिवण एका कोपऱ्यात सैल सोडून तिथून दोन-चार मिरच्या

आडवं

बाहेर ओढून ठेवल्या होत्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. प्रत्येकाचा हात नेमका तिथेच जायचा.

"हे तुम्ही मुद्दाम करता, बापूजी?"

"मंग? शिवलेल्या पोत्यात कोण हात घालते वं? अर्धी दिसली की माणूस ओढतेच."

नूपुर नाक पुसत उभी राहिली. फट न ठेवता बसवलेले तिचे फोटो तिला आठवले. सगळे गच्च शिवलेले.

खाली

तिथेच एका रिकाम्या खोक्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला. काम फारसं नव्हतं. फोटो थोडा अरुंद केला, म्हणजे शेजारचा उजव्या कडेतून बोटभर डोकावेल. आणि तळाचा फोटो तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर आणला, म्हणजे डोकावेल तो तोच. तिच्या डोळ्यांना ते खुपलं, पण तिने तसंच ठेवलं.

बापूजींनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "हा तं कापल्या गेला."

"कापलाच आहे मी. ओढा."

त्यांनी ओढला.

आडवं

घरी अरुंधतीबाई म्हणाल्या, "हा अर्धाच का दिसतोय?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांचं बोट

आडवं

बाजूला गेलं. तळ, मध्य, फोडलेली मिरची, देठ. "बिया बऱ्याच आहेत गं," त्या म्हणाल्या.

खाली

सोमवारी दुपारी फोन आला. आवाज एवढा मोठा की नूपुरने मोबाइल कानापासून दूर धरला.

"मोहितचा फोन होता वं. म्हणते, बापूजी, नीचे वाली थोड़ी फीकी है."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? फिकीच आहे," बापूजी म्हणाले. पलीकडे कोणीतरी शिंकलं, आणि ते खुशीत हसत राहिले.